मुंबईच्या गच्चीवरून शार्पलेस २-२६१: चार तासांचा डेटा आहे, तेजोमेघ कुठे गेला?

गच्चीवाला

लक्ष्य शार्पलेस २-२६१, म्हणजे लोअरचा तेजोमेघ. जागा गोरेगाव, सात मजली इमारतीची गच्ची, आकाश बॉर्टल ९, म्हणजे प्रकाश-प्रदूषणाच्या मापावर सगळ्यात उजळ. साहित्य असं:

दुर्बीण ७२ मिमी डबलेट, एफ/६, फोकल लेंग्थ ४३२ मिमी, सोबत फ्लॅटनर. कॅमेरा झेडडब्ल्यूओ एएसआय ५३३ एमसी प्रो, गेन १००, तापमान उणे १० वर सेट. फिल्टर ७ नॅनोमीटरचा ड्युअल नॅरोबँड, म्हणजे हायड्रोजनच्या (एच-आल्फा) आणि ऑक्सिजनच्या (ओ-थ्री) रेषांचाच प्रकाश सोडणारा. ३०० सेकंदांचे ४८ सब, म्हणजे सुटी चित्रं, एकूण ४ तास. डार्क (झाकण लावून घेतलेली चित्रं) जुन्या लायब्ररीतले, फ्लॅट (एकसारख्या उजेडाची चित्रं) टॅब्लेटच्या स्क्रीनवर ०.०२ सेकंदाचे, डिदर (सबांच्या मध्ये चौकट थोडी हलवणं) बंद. स्टॅकिंग (सब एकावर एक रचणं) आणि प्रक्रिया सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये.

अडचणी चार आहेत. कॅलिब्रेशननंतर (डार्क वजा करून फ्लॅटने भागल्यावर) चारही कोपरे मध्यापेक्षा उजळ दिसतात. स्ट्रेच केलं, म्हणजे मंद भाग उजळला, की चित्रभर तिरक्या रेघा येतात, पाऊस पडल्यासारख्या. पार्श्वभूमी काढायला गेलं की निम्मा तेजोमेघ तिच्याबरोबर जातो. आणि ओ-थ्री वेगळा काढला तर त्यात हुबेहूब एच-आल्फाचाच आकार दिसतो. यातलं नेमकं काय कशामुळे?

---

काळोखवेडी

निवड चांगली आहे, मुंबईसाठी तर फारच. हा तेजोमेघ विषुवांश ६ तास ९ मिनिटं, क्रांती +१५ अंश ४९ मिनिटांवर आहे. काक्षीपासून, म्हणजे बीटलज्यूजपासून, उत्तरेला साधारण ९ अंश. पाश्चात्य चित्रातल्या शिकाऱ्याने उगारलेल्या सोट्याजवळचा न्यू ओरायनिस हा तारा सापडला की त्याच्या एक अंश उत्तरेला. मुंबईचा अक्षांश १९, त्यामुळे मध्यमंडल ओलांडताना तो खमध्यापासून फक्त ३ अंश दूर असतो. ४५ अंशांच्या वर सलग सहा तासांहून जास्त राहतो. धुरकट शहरात याहून जास्त काही मागू नये.

हॅरल्ड लोअर आणि त्यांचा मुलगा चार्ल्स या हौशी बापलेकांनी १९३९ साली घरी बनवलेल्या श्मिट कॅमेऱ्याने तो टिपला. शार्पलेसच्या १९५९ च्या यादीत तो २६१ वा. त्यातला हायड्रोजन एचडी ४१९९७ या ओ वर्गाच्या ताऱ्यामुळे उजळतो. व्यास पाऊण अंशाच्या आसपास. तुमची चौकट दीड अंशाची आहे, म्हणजे भोवती मोकळं आकाश भरपूर उरतं. ही गोष्ट पार्श्वभूमी काढताना फार उपयोगी पडते.

वेळ: डिसेंबरअखेर तो मध्यरात्रीनंतर पाऊण तासाच्या आत माथ्यावर येतो, जानेवारीच्या मध्याला रात्री अकराच्या सुमारास, फेब्रुवारीच्या मध्याला नऊच्या सुमारास.

चंद्राचं एक लक्षात ठेवा. मार्गशीर्ष महिन्याला नाव मिळालं तेच पौर्णिमेचा चंद्र मृगशीर्षाजवळ असतो म्हणून. म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमेला चंद्र जवळजवळ तुमच्या चौकटीच्या शेजारी, आणि पौषातही फार लांब नाही. "नॅरोबँड आहे, चंद्र चालतो" हे एच-आल्फापुरतं आणि चंद्र ५०-६० अंश दूर असताना खरं. ओ-थ्री ५०० नॅनोमीटरला आहे आणि चंद्रप्रकाशाचं विखुरणं निळ्या बाजूला वाढत जातं, त्यामुळे तो चॅनल आधी बुडतो.

---

पिक्सेलमोजणी

कोपऱ्यांपासून सुरुवात करू. फ्लॅटने भागल्यावर कोपरे मध्यापेक्षा उजळ, याला ओव्हरकरेक्शन म्हणतात. दहातल्या नऊ वेळा कारण एकच असतं: लाइटमधून, म्हणजे आकाशाच्या सबमधून, ऑफसेट (कॅमेरा प्रत्येक पिक्सेलमध्ये मिळवतो तो ठराविक आकडा) पूर्ण वजा झालेला नसतो.

आकडे घेऊन बघा. समजा लाइटमध्ये ५०० चा ऑफसेट आहे आणि आकाशाचा खरा प्रकाश मध्यात १००. कोपऱ्यात ८० टक्केच प्रकाश पोचतो, म्हणजे तिथे ८०. नोंद होते मध्यात ६००, कोपऱ्यात ५८०. ऑफसेट वजा न करता फ्लॅटने भागलं तर मध्य ६०० राहतो आणि कोपरा ५८० भागिले ०.८, म्हणजे ७२५. नसलेला उजेड तयार झाला! ऑफसेट आधी वजा केला असता तर दोन्हीकडे १०० आलं असतं.

विनाफिल्टर चित्रात आकाश हजारोंच्या घरात असतं, ऑफसेट थोडा उरला तरी लपून जातो. नॅरोबँडमध्ये आकाशच इतकं क्षीण की तीच चूक चित्रावर राज्य करते.

तेव्हा फाइलच्या हेडरमध्ये तीन गोष्टी बघा: लाइटचा ऑफसेट, डार्कचा ऑफसेट, आणि सेन्सरचं प्रत्यक्ष तापमान. सेट केलेलं नको, प्रत्यक्ष. तुमचा कॅमेरा सभोवतालच्या हवेपेक्षा सुमारे ३५ अंशच खाली जाऊ शकतो. गच्चीवर २७ अंश असतील तर उणे ८ ला त्याचा दम संपतो. मुंबईत वर्षभरासाठी ० अंशांची डार्क लायब्ररी ठेवा, थंडीच्या दोन महिन्यांसाठी हवी तर उणे ५ ची वेगळी. कूलरचा वापर ८० टक्क्यांच्या आत राहील असं तापमान निवडायचं. या सेन्सरचा डार्क करंट (उष्णतेमुळे आपोआप जमणारा सिग्नल) इतका कमी आहे की उणे १० चा हट्ट धरून काही हाती लागत नाही.

---

मुलुंडकर

+१. आणि ०.०२ सेकंदाचे फ्लॅट नकोत. टॅब्लेटचा उजेड अनेकदा लुकलुक करूनच मंद केलेला असतो, इतक्या छोट्या एक्स्पोजरमध्ये आडवे पट्टे येतात. स्क्रीनवर पांढऱ्या कागदाचे चार-सहा थर ठेवा, उजेड मारा आणि एक्स्पोजर १ ते ३ सेकंदांवर आणा. हिस्टोग्रामचा मध्य ६५,५३५ पैकी २५ ते ३० हजारांवर. ड्युअल फिल्टरमधून पांढऱ्या एलईडीचा लाल भाग कमी येतो, म्हणून लाल चॅनल वेगळा तपासा. तो ८-१० हजारांच्या खाली गेला तर उजेड वाढवा किंवा फ्लॅटची संख्या ३० वरून ६० करा.

फ्लॅटसाठी बायस (जवळजवळ शून्य एक्स्पोजरचे डार्क) न वापरता त्याच एक्स्पोजरचे डार्क-फ्लॅट घ्या, २५-३० पुरेत.

---

गच्चीवाला

हेडर तपासलं. लाइटचा ऑफसेट ७०, लायब्ररीतल्या डार्कचा ५०. सेन्सरचं तापमान रात्रभर उणे ७ ते उणे ८.५ मध्ये फिरलंय, कूलर १०० टक्के. म्हणजे दोन्ही चुका आहेत.

आणखी एक आकडा: ३०० सेकंदांच्या सबमध्ये डार्क वजा करून पार्श्वभूमीचा मध्यक लाल चॅनलमध्ये ४२०, हिरव्यात ५००.

---

दीर्घश्वास

मंद वस्तू आहे तर सब मोठे करा. ६०० सेकंद. ३०० मध्ये असला क्षीण सिग्नल वर येतच नाही.

---

पिक्सेलमोजणी

@दीर्घश्वास, सिग्नल एकूण वेळेवर जमतो, सबच्या लांबीवर नाही. सब इतकाच लांब हवा की आकाशाच्या नॉइजपुढे वाचनाचा, म्हणजे रीड नॉइज, नगण्य व्हावा. ती मर्यादा मोजता येते.

या कॅमेऱ्याचा रीड नॉइज गेन १०० ला साधारण दीड इलेक्ट्रॉन. त्याचा वर्ग सव्वादोन. आकाशाचे इलेक्ट्रॉन त्याच्या दहापट, म्हणजे साडेबावीस झाले की रीड नॉइजमुळे एकूण नॉइज फक्त ५ टक्क्यांनी वाढतो. कॅमेरा १४ बिटचा आहे आणि फाइलमध्ये आकडे चौपट करून १६ बिटचे लिहिले जातात. गेन १०० ला एक इलेक्ट्रॉन म्हणजे साधारण एक मूळ एकक, म्हणून साडेबावीस इलेक्ट्रॉन म्हणजे फाइलमध्ये ९०.

गच्चीवाल्यांच्या लाल चॅनलमध्ये ३०० सेकंदांत ४२० जमले. ९० ला सुमारे ६५ सेकंद लागतात. त्यांनी १२० सेकंदांचे सब घेतले तरी मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट होतात. ६०० घेऊन मिळणार काय? ताऱ्यांचे गाभे जळणार, आणि वाऱ्याच्या एका झोताने किंवा विमानाने सब खराब झाला तर दहा मिनिटं गेली. सांताक्रूझच्या धावपट्टीच्या इतक्या जवळ बसून ६०० सेकंदांचे सब म्हणजे निव्वळ आशावाद.

---

दीर्घश्वास

गणित मान्य. पण ३ नॅनोमीटरच्या फिल्टरला हेच १२० पुरणार नाहीत.

---

पिक्सेलमोजणी

बरोबर, तिथे नाही पुरणार. आकाश ७ वरून ३ वर, म्हणजे सव्वादोन-अडीच पटीने कमी, म्हणून सबही तितका लांब: १८० ते ३०० सेकंद. दुसऱ्या बाजूने बघितलं तर तेच सिग्नल-नॉइज गुणोत्तर सव्वादोन-अडीच पट कमी वेळात मिळतं. शहरातून करणाऱ्याने पैसे घालायचे तर आधी इथे.

मात्र अरुंद फिल्टरला वेगवान दुर्बीण मानवत नाही. तिरक्या किरणांसाठी फिल्टरची खिडकी निळ्या बाजूला सरकते. एफ/६ ला कडेचा किरण सुमारे अर्धा नॅनोमीटर सरकतो, एफ/४ ला सव्वा, एफ/२ ला जवळजवळ पाच. एफ/२ वर साधा ३ नॅनोमीटरचा फिल्टर लावला तर उघड्या भागाच्या कडेकडून येणारा एच-आल्फा बराचसा अडतो. तशा दुर्बिणींसाठी खिडकी आधीच सरकवलेले फिल्टर मिळतात. तुमच्या एफ/६ ला ही काळजी नाही.

---

तिरकीरेघ

आता पावसाच्या रेघा. याला वॉकिंग नॉइज म्हणतात. सेन्सरवरचे किंचित गरम किंवा थंड पिक्सेल जागच्या जागीच असतात, आणि चौकट मात्र प्रत्येक सबला आकाशावर थोडी सरकत जाते. गाइड दुर्बीण (ट्रॅकिंगवर लक्ष ठेवणारी छोटी) आणि मुख्य दुर्बीण एकमेकींच्या तुलनेत वाकतात किंवा ध्रुव जुळवणी कच्ची असते म्हणून. तारे एकावर एक बसवले की तोच पिक्सेल ४८ ठिकाणी एका रांगेत उमटतो, तीच रेघ. चुकीच्या तापमानाचे डार्क असले की ती आणखी ठळक होते.

उपाय डिदर. १२० सेकंदांचे सब असतील तर दर तिसऱ्या सबनंतर, मुख्य कॅमेऱ्याच्या मापाने ५ ते १० पिक्सेल, दिशा यादृच्छिक. गाइड कॅमेऱ्याचे पिक्सेल आणि मुख्य कॅमेऱ्याचे पिक्सेल यांत गल्लत होते. १२० मिमीच्या गाइड दुर्बिणीवर एक पिक्सेल सुमारे साडेसहा विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग), तुमच्या मुख्य कॅमेऱ्यावर १.८. म्हणजे गाइडचा दीड-दोन पिक्सेल डिदर पुरतो, ५ टाकलात तर स्थिरावण्यातच वेळ जाईल. स्थिरावण्याची अट दीड विकलेच्या आत सलग १० सेकंद. रंगीत कॅमेऱ्याला डिदर ऐच्छिक नाही. पुढे ड्रिझल (किंचित सरकलेल्या सबांतून बारकावे परत मिळवणं) करायचं असेल तर त्याच्याशिवाय अर्थच नाही.

स्टॅक करताना विन्सराइज्ड सिग्मा क्लिपिंग (बाकीच्या सबांपेक्षा फार वेगळे पिक्सेल वगळण्याची पद्धत), दोन्हीकडे ३. चार तासांचे १२० सब असले की उपग्रह आणि विमानं आपोआप गळतात.

---

लोलक

माउंटबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. १९ अंश अक्षांशावर इक्वेटोरियल माउंटची (ज्याचा अक्ष ध्रुवाकडे रोखलेला असतो त्याची) स्वतःची दुखणी असतात आणि परदेशी मार्गदर्शनात ती सापडत नाहीत.

ध्रुवतारा क्षितिजावर जेमतेम १९ अंश. मुंबईत तिथे समोरचा टॉवर, होर्डिंग किंवा नुसता धुरका. पोलर स्कोपच्या नादी लागू नका. नीना या सॉफ्टवेअरमधली तीन बिंदूंची जुळवणी वापरा, तिला ध्रुव दिसण्याची गरज नाही, आकाशाचा कुठलाही मोकळा तुकडा चालतो. त्यात वक्रीभवनाची दुरुस्ती चालू ठेवा. १९ अंशांवर वातावरण ध्रुवाला जवळजवळ ३ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) वर उचलून दाखवतं, आणि आपण जुळवणी १-२ कलांच्या आत आणू बघतो.

ध्रुव अक्ष इतका आडवा झाला की वजनांचा दांडा सरळ खाली येतो आणि ट्रायपॉडच्या उत्तरेकडच्या पायाला आपटतो. पाय दक्षिणेला येईल आणि उत्तरेला दोन पायांमधली फट येईल असा ट्रायपॉड फिरवा, किंवा माउंटखाली २०-३० सेंटीमीटरचा खांब जोडा. खांबाचा दुसरा फायदा याच तेजोमेघाला होतो. तो जवळजवळ खमध्यावरून जातो, दुर्बीण उभी होते आणि कॅमेऱ्याची शेपटी पायाला टेकते. मेरिडियन फ्लिप (दुर्बीण माउंटच्या दुसऱ्या बाजूला नेणं) माथ्यावर येण्याआधी थांबून, माथा ओलांडल्यावर ५-१० मिनिटांनी, अशी लावा आणि पहिल्यांदा शेजारी उभं राहून बघा. केबल कुठे अडकते तेही तेव्हाच कळेल.

स्लॅब हलतो. ट्रायपॉड कॉलमच्या डोक्यावर किंवा बीमच्या रेषेत ठेवा, लिफ्टच्या मशीनरूमपासून आणि पाण्याच्या पंपापासून लांब. पंप सुरू झाल्याची वेळ गाइडिंगच्या आलेखात स्पष्ट दिसते. या स्केलला एकूण आरएमएस (गाइडिंगची सरासरी चूक) १ विकलेच्या आत असेल तर गाइडिंगशी खेळत बसू नका.

---

नवखा_वडाळा

मध्येच प्रश्न, माफ करा. साधा डीएसएलआर, ट्रॅकर आणि १३५ मिमी लेन्स आहे. हे सगळं सोडून वांगणीला गेलं तर जास्त बरं नाही का?

---

काळोखवेडी

@नवखा_वडाळा, वस्तू कोणती त्यावर. परावर्तन तेजोमेघ, कृष्ण तेजोमेघ, दीर्घिका यांचा प्रकाश सगळ्या वर्णपटात पसरलेला असतो, तिथे फिल्टर हात टेकतो. त्यासाठी गाडी काढायलाच हवी. वांगणीचं आकाशही आता पूर्वीचं राहिलेलं नाही, पण मुंबईशी तुलना नको. माळशेजच्या पलीकडे गेलात तर फरक डोळ्यांना दिसतो.

उत्सर्जन तेजोमेघाचा प्रकाश मात्र ६५६.३, ५००.७ अशा ठराविक रेषांत येतो. तिथे गच्चीवरच्या सहा रात्री बाहेरच्या एका रात्रीला भारी पडू शकतात, कारण त्या सहा रात्री खरोखर मिळतात. पूर्वीचे सोडियमचे दिवे ५८९ च्या आसपास जमा असायचे, कापणं सोपं होतं. आताचे एलईडी सगळीकडे पसरलेत, म्हणून "सिटी लाइट" नावाच्या रुंद फिल्टरचा उपयोग पूर्वीसारखा राहिलेला नाही.

साध्या डीएसएलआरचा आतला फिल्टर एच-आल्फाचा बहुतांश भाग अडवतो. तो काढून घेतल्याशिवाय शार्पलेस २-२६१ च्या नादी लागू नका. आधी मृगाचा मोठा तेजोमेघ आणि रोझेट करा.

---

पार्श्वभूमी_हटाव

मूळ तिसऱ्या अडचणीकडे येतो. सगळ्यात जास्त मंद तेजोमेघ आकाशात हरवत नाहीत, सॉफ्टवेअरमध्ये हरवतात.

पार्श्वभूमी काढणारं साधन इतकंच जाणतं: हळूहळू बदलणारा उजेड तो ग्रेडियंट. आणि मंद तेजोमेघाची बाहेरची कड नेमकी तशीच असते. आपोआप टाकलेल्या नमुना-चौकोनांतले पाच-सहा जरी तेजोमेघावर बसले आणि वर चौथ्या घाताचं बहुपद लावलं, तर साधन तेजोमेघाचंच मॉडेल बनवून तो वजा करतं.

माझा क्रम असा.

पहिलं, ग्रेडियंट स्टॅकमध्ये काढण्याआधी एकेका सबमधून काढा. संध्याकाळी तेजोमेघ पूर्वेला असतो, तेव्हा उजेडाचा उतार एका बाजूला. पहाटेकडे पश्चिमेला, तेव्हा दुसऱ्या बाजूला, शिवाय फ्लिपनंतर चौकट १८० अंश फिरलेली. एकेका सबमध्ये हा उतार जवळजवळ सरळ पातळी असतो. सगळे मिसळले की त्याची गुंतागुंतीची वाकडी चादर होते आणि ती ओढायला मोठा घात लागतो. सिरिलमध्ये कॅलिब्रेट केलेल्या मालिकेवर पहिल्या घाताचं बहुपद चालवा. पहिलाच घात, दुसरा नाही. सरळ पातळीला वर्तुळाकार तेजोमेघ खाता येत नाही.

दुसरं, स्टॅकवर पुन्हा लागलंच तर नमुने हाताने ठेवा. दीड अंशाच्या चौकटीला ८ ते १२ पुष्कळ झाले. कुठे ठेवायचे ते आपल्या चित्रावरून ठरवू नका, त्यात काय खरं हेच तर माहीत नाही. अलादिन या आकाश-नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याच जागेचं लाल पट्ट्यातलं सर्वेक्षण उघडा, किंवा फिंकबायनर यांनी २००३ साली जोडलेला संपूर्ण आकाशाचा एच-आल्फा नकाशा. तिथे जो भाग खरोखर काळा तिथेच नमुना.

तिसरं, वजा केलेलं मॉडेल दरवेळी जपून ठेवा आणि कडकडीत स्ट्रेच करून बघा. त्यात तेजोमेघाचा आकार ओळखू आला तर मागे फिरा. पार्श्वभूमी काढणाऱ्या ग्राएक्सपर्ट या सॉफ्टवेअरलाही हाच नियम. ते बरंच शहाणं आहे, पण चौकटभर पसरलेल्या तेजोमेघाला तेही फसतं, स्मूदिंग वाढवून चालवा.

---

गच्चीवाला

माझं मॉडेल उघडलं. मधोमध स्पष्ट गोळा आहे, चौथा घात लावला होता. अपराधी सापडला. आता ओ-थ्रीचं?

---

पिक्सेलमोजणी

ओ-थ्रीमध्ये हुबेहूब एच-आल्फाचा आकार दिसला की आनंद मानण्याआधी संशय घ्या. दोन गळत्या असतात.

एक, सेन्सरवरचे हिरवे-निळे पिक्सेल ६५६ नॅनोमीटरला पूर्ण आंधळे नसतात. एच-आल्फाचा काही टक्के भाग त्यांच्यात झिरपतो. ज्या तेजोमेघात हायड्रोजन जोरात आणि ऑक्सिजन नावापुरता, तिथे "ओ-थ्री" म्हणून दिसणारं बरंचसं हेच असतं.

दोन, फिल्टर रुंद असेल, म्हणजे हिरव्या बाजूची खिडकी २०-२५ नॅनोमीटरची, तर ४८६ ची एच-बीटा रेषाही आत येते. तीही हायड्रोजनचीच, सिद्धांताप्रमाणे एच-आल्फा भागिले सुमारे २.८६ इतकी, वाटेत धूळ असली तर आणखी कमी. तुमच्या ७ नॅनोमीटरच्या खिडकीत ती येत नाही, म्हणून तुमच्याकडे पहिली गळतीच बघायची.

तपासणी: कॅमेऱ्यापुढे फक्त एच-आल्फाचा फिल्टर लावून एक फ्लॅट घ्या. कुणाकडून तासाभरासाठी आणला तरी चालेल. ऑफसेट वजा करून हिरव्याचं लालशी गुणोत्तर काढा, तसंच निळ्याचं. ही तुमच्या कॅमेऱ्याची कायमची संख्या. मग स्टॅकच्या आधी नाही, नंतर, रेषीय अवस्थेत (म्हणजे स्ट्रेच करण्याआधी) पिक्सेल मॅथने ओ-थ्रीमधून ती संख्या गुणिले एच-आल्फा वजा करा. दोन्ही चॅनलची पार्श्वभूमी आधी शून्याजवळ आणलेली हवी, नाहीतर पार्श्वभूमीच वजा होईल. वजाबाकीनंतर जो ओ-थ्री उरेल तो दाखवा. शार्पलेस २-२६१ मध्ये तो फार क्षीण आहे, चार तासांत नॉइजच्या वर आला नाही तर नवल नाही.

---

मुलुंडकर

आणि उरला नाही म्हणून त्याला एच-आल्फाच्या बरोबरीला खेचू नका. लिनियर फिट (एका चॅनलची पातळी दुसऱ्याशी जुळवणं) मारून निळा गाभा काढलेली चित्रं पुष्कळ दिसतात, त्यातला निम्मा निळा म्हणजे वाढवलेला नॉइज आणि वर डीनॉइजने केलेली रंगसफेदी.

---

रंगारी

शेवटच्या टप्प्याचं सांगतो.

रंगीत कॅमेऱ्याचा डेटा सरळ डीबेअर (लाल-हिरवे-निळे पिक्सेल जोडून रंगीत चित्र) न करता सिरिलची एच-आल्फा आणि ओ-थ्री वेगळं करणारी तयार स्क्रिप्ट वापरा. एच-आल्फाला चारातला एकच पिक्सेल मिळतो, त्यामुळे चित्र ३००८ ऐवजी १५०४ पिक्सेलचं होतं. भरपूर सब आणि नीट डिदर असेल तर ड्रिझलने त्यातलं काही परत मिळतं.

रेषीय अवस्थेतच स्टारनेटने तारे वेगळे करा, आधी तात्पुरता स्ट्रेच करून परत रेषीय करण्याचा पर्याय चालू ठेवून. तारे बाजूला ठेवले की स्ट्रेच निर्धास्त करता येतो. जनरलाइज्ड हायपरबोलिक स्ट्रेचमध्ये सममितीचा बिंदू पार्श्वभूमीच्या शिखराच्या किंचित उजवीकडे, आणि एकदम एक मोठा न करता तीन-चार छोटे. काळा बिंदू कापू नका. पार्श्वभूमी ०.०८ ते ०.१ च्या आसपास राहू दे. ठार काळं आकाश केलं की तेजोमेघाची बाहेरची झालर त्यातच गेली.

डीनॉइज स्ट्रेचच्या आधी, अर्ध्या ताकदीने. पूर्ण ताकद लावली की मंद भागात मेणाचे ओघळ दिसतात, ते कुणाला तंतू वाटतात.

रंग: लालला एच-आल्फा. हिरव्याला ०.८ ओ-थ्री अधिक ०.२ एच-आल्फा. निळ्याला ओ-थ्री. हिरवट झाक उरली तर हिरवा कमी करणारं साधन एकदा. ताऱ्यांसाठी फिल्टर काढून १५ सेकंदांचे ६० सब वेगळे घ्या. १५ मिनिटांचं काम आहे. त्यांच्यावर फोटोमेट्रिक रंगजुळणी (ताऱ्यांच्या मोजलेल्या रंगांशी जुळवणं) करा आणि शेवटी मिसळा. ती जुळणी नॅरोबँडच्या चित्रावर नको, तिथे ती जे गृहीत धरते तेच खरं नसतं.

---

गच्चीवाला

नवे डार्क घेतले: ऑफसेट ७०, ३०० सेकंद, उणे ८. तापमान हलतं असल्यामुळे तडजोडच आहे. कोपरे सपाट झाले. एकेका सबवर पहिला घात चालवल्यावर तेजोमेघाची पश्चिमेकडची झालर परत आली. रेघा मात्र आहेत, त्या या डेटातून जाणार नाहीत असं दिसतं. पुढचा बेत: ० अंश, १२० सेकंद, दर तिसऱ्या सबला डिदर, अमावस्येच्या आगेमागे रोज पाच तास. १६ तासांचं लक्ष्य, म्हणजे आत्ताच्या दुप्पट सिग्नल-नॉइज. साधारण ४८० सब, प्रत्येकी १८ एमबी, म्हणजे पावणेनऊ जीबी.

एकच शंका: फ्लॅट रोज घ्यायचे की एकदाच?

---

तिरकीरेघ

कॅमेरा आणि फिल्टर जागचा हलला नाही तर एकदाच. कॅमेरा कणभर जरी फिरवला तरी नवे, कारण धुळीचे गोल त्याच जागी राहत नाहीत. दुर्बीण रोज खाली नेणार असाल तर कॅमेरा न काढता सगळी जोडणी तशीच पेटीत जाईल असं बघा.

---

लोलक

पेटीत सिलिका जेल टाका, आणि खाली नेल्यावर लगेच पेटी बंद करू नका. पहाटे गच्चीवर दव असतं, भिंगावर ओल धरलेली असते. आधी कोरड्या खोलीत तासभर झाकण काढून ठेवा, मग बंद करा. भिंगाला दव-पट्टा ५-६ वॅटचा पुरतो, मध्यरात्रीनंतर न विसरता चालू. सेन्सरच्या मधोमध पांढरट ठसा दिसायला लागला तर तो दव किंवा बर्फ आहे. तेव्हा कॅमेऱ्यातल्या शोषक गोळ्या तापवून कोरड्या करायच्या, फ्लॅटने तो ठसा जाणार नाही.